अक्काची गाठ

"शेवंताबाई, तुमच्या गाठीतल्या जनुकांचा रिपोर्ट आला. रोग पुन्हा उलटण्याचा धोका अगदी कमी आहे. केमो लागणार नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

शेवंताने हात जोडले, पण तिचा चेहरा उतरला. तिच्या थोरल्या बहिणीला हाच रोग झाला होता. ती "नको गं" म्हणत असताना शेवंतानेच गळ्याची शपथ घालून तिला केमोला बसवलं होतं. तिसऱ्या केमोनंतर ताप चढला आणि अक्का गेली.

"बाई, अक्काची गाठ असेल का हो इथं?"

"त्या गाठीचा तुकडा मेणात जपलेला असतो. त्यावर हीच तपासणी करायची का?"

शेवंता म्हणाली, "तपासू नका. तिला केमो लागणारच होती, एवढं फक्त म्हणा."