सतरावी टीप

विद्यार्थ्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ देऊळगावकर सर स्वतः पडताळायचे. कुमुदच्या लोकगीतांवरच्या प्रबंधातल्या सोळा टिपा अफझलगंजच्या लायब्ररीत बरोबर निघाल्या. सतराव्या टिपेवर त्यांची पेन्सिल थांबली.

‘मुलाखत : इंदुमतीबाई, गौलीगुडा, मार्च १९४९.’

पत्ता सरांच्याच घराचा होता. इंदुमती त्यांची बायको. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच ती वारली होती.

“कुठं भेटल्या?” त्यांनी समोरच्या कुमुदला विचारलं.

“तुमच्या ओसरीवर, सर. गाणी सांगताना मधेमधे ‘हौ, हौ’ म्हणायच्या.”

तो ‘हौ’ ऐकायला सरांचे कान आसुसले होते. “माझ्याबद्दल काही बोलली?”

कुमुदनं वही उघडून वाचलं, “हे रोज समोर बसतात. मी बोलत राहते. यांना ऐकूच येत नाही.”

सरांनी टिपेपुढं खूण केली नाही. टोपी घातली आणि ते पडताळायला घरी निघाले.