मागे पडलेला विषय

"काढा तो भाग," तो म्हणाला, आणि साहेबांनी पडद्यावरच्या सरकारी खर्चाच्या आराखड्यातून 'हवामान' पुसून टाकलं.

लोक काय बोलतात ते ऐकणं हाच त्याचा धंदा होता. वर्तमानपत्रं, रेडिओवर येणारे श्रोत्यांचे फोन, वाहिन्यांवरची भांडणं, सगळं दिवसभर कानात भरून घ्यायचं आणि लोकांचं मन कुठे वळतंय ते सरकारच्या खर्च समितीला कळवायचं. "काय वातकुक्कुटराव, आज वारा कुठला?" चहाच्या यंत्रापाशी कोणी ना कोणी विचारायचंच. तो हसून सांगायचा. त्याचं सांगणं सहसा चुकत नसे.

मध्यंतरी लोक उन्हाळ्याबद्दल, वाढत्या समुद्राबद्दल पोटतिडकीने बोलायचे. मग तेल महागलं. हवामानाचं नाव काढलं की लोक म्हणू लागले, आधी गाडीत घालायला तेल तर द्या. पुढे सीमेपलीकडे तोफा धडाडल्या आणि तेलाची ओरडही त्या आवाजात बुडाली. आता ज्याच्या त्याच्या तोंडी रणगाडे. फौजेला जास्त पैसा द्या, बाकीचं नंतर बघू.

तरी हवामान अगदीच संपलं नव्हतं. दुपारच्या कार्यक्रमात एखादी शिक्षिका फोन करायची, वर्गात मुलं घेरी येऊन पडतात म्हणायची. एखादा मच्छीमार सांगायचा, भरतीचं पाणी दारात येतंय. लोक अजून हवामानाबद्दल बोलतात का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा हे आवाज त्याच्या कानात होते. "कमी झालंय, पण आहे," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पण त्याची मुलगी पृथ्वीच्या पार उत्तरेला, एका संशोधन तळावर, समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजत होती. समितीने हात आखडला की तो तळ चालणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तळ बंद झाला की छकुली घरी येणार. ती तिशी ओलांडलेली शास्त्रज्ञ होती, पण त्याच्यासाठी छकुलीच. घरी लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली की बायकोचा हात चालता चालता थबकायचा. शेजाऱ्यांचं दार वाजलं की ती पुन्हा कामाला लागायची. तो पेपरात तोंड खुपसून बसायचा, पण लिफ्ट त्यालाही ऐकू यायची.

म्हणून तो "काढा" म्हणाला.

दीडेक महिन्याने छकुलीचा फोन आला. "बाबा, पैसे थांबवले. आमचं काम बंद. मी येतेय."

"ये बाळा, ये," तो म्हणाला. तिच्या दुःखात आपला आवाज असा खुलावा, याची त्याला लाज वाटली. आपण काय केलं ते त्याने बायकोला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाडजूड ब्लँकेट घेऊन आला.

"अहो, बर्फात राहून आलेल्या पोरीला इथे थंडी वाजणार होय?" बायको हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसली.

विमानतळावर छकुली एकच पिशवी घेऊन बाहेर आली. वाळली होती, नाकावरची कातडी सोलवटली होती. ती आईच्या गळ्यात पडली. तिच्या पाठीमागे तो सामान शोधत राहिला.

"बाकीचं मागून येणार का गं?"

"बाकीचं तिथंच आहे, बाबा. तीन आठवड्यांनी मला परत जायचंय."

"अगं, पण तळ बंद झाला ना?"

"संशोधन बंद झालं. तळ नौदलाने घेतला. बर्फ इतका पातळ झालाय की आता तिथून तेलाची जहाजं जातील, आणि त्यांच्या राखणीला युद्धनौका. कुठे किती बर्फ उरलाय ते सांगणारं माणूस त्यांना हवंय."

"मग नाही म्हणायचंस," आई म्हणाली.

"नाही म्हणवेना गं. इतकी वर्षं त्या बर्फाजवळ काढली. जातोय तोवर कुणीतरी ओळखीचं उशाशी असावं, असं वाटलं."

आईने लेकीचा हात तेवढा घट्ट धरला. त्याने पिशवी उचलली. ती अगदीच हलकी होती.

"असू दे," तो कसाबसा म्हणाला. "जा. पण फोन करत जा, म्हणजे झालं."

छकुली चालता चालता थांबली.

"फोन नाही करता येणार, बाबा. तिथं काय चाललंय, ते आता कुणालाच सांगायचं नाही."