नाहीवरची खूण

व्हिसासाठीच्या तपासणीचा अर्ज भरताना ‘आपण गरोदर आहात का?’ या प्रश्नापाशी शर्वरीचं पेन थांबलं. शेजारी बसलेल्या कुमुदताई सुनेच्या कानाशी कुजबुजल्या, “नाही लिही गं. छातीचा एक्स-रे बाळंतपणापर्यंत लांबला, तर व्हिसा मिळायचा कधी? नवरा तिकडे मेलबर्नला एकटा आहे तुझा. तिसराच तर महिना, कुणाला कळतंय?”

शर्वरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ‘नाही’वर खूण केली.

ती आत गेली, एक्स-रेच्या खोलीचं दार लागलं. दारावर लाल अक्षरांत गरोदर बायकांसाठी सूचना होती. ती कुमुदताईंनी शेवटपर्यंत वाचली. त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या.

“थांबा! माझी सून गरोदर आहे हो!”

एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी दार उघडलं. “काढला नाही अजून. त्यांनी आत आल्या आल्या सांगितलं. लिहिताना माझीच चूक झाली, म्हणाल्या.”

बाईंच्या मागे शर्वरी मान खाली घालून उभी होती. कुमुदताईंना तिच्याकडे बघवेना.

“तिची नाही चूक,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मी लिहायला लावलं.” बाकांवरची माणसं वळून बघत होती.

रस्त्यावर येताच मुलाचा फोन आला. शर्वरीने घेण्याआधीच कुमुदताईंनी हात पुढे केला.

“व्हिसा लांबला रे,” त्या म्हणाल्या, “पण आज तुझी आई कशी वागली, ते आधी ऐक.”