न पढवलेले वाक्य

धाकूचा हिरू, हिरूचा पोशा आणि पोशाचा दौलत. खारबावच्या या घरातील पुरुषांनी खाडीचे बांध घातले आणि शब्द जपून वापरले. १९७४ साली दौलत वारला. त्याच्यावर काढलेली फिल्म आता गावात दाखवणार होते, आणि त्याची बायको सीताबाई धास्तावली होती. ही फिल्म काढली त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या दुसऱ्या एका फिल्मवाल्याने दौलतला नवे धोतर नेसवून “आम्ही सुखी आहोत” असे वदवून घेतले होते. मेल्यावरही आपला नवरा परक्याचेच शब्द बोलणार का?

पडदा उजळला. ही फिल्म काढणारा साहेब निराळा निघाला. दौलत चिखल थापीत होता आणि कॅमेरा नुसता बघत होता. मग मागून साहेबाचा आवाज आला, “हा बांध एकट्याने घातलात?”

“एकट्यान कुठला? निम्मी माती हिनं वायली. सीता नाव हिचा.”

शेजारी बसलेल्या नणंद कमळाने सीताबाईचा हात धरला. “वयनी, दादान तुजा नाव घेतला गो.”

सीताबाई पदर सावरून उभी राहिली, देवापुढे राहावी तशी. लग्नात बायकांनी दार अडवूनही दौलतने तिचे नाव घेतले नव्हते. ते देणे त्याने आज भर गावासमोर पुरते फेडले होते.