क्रेडिट नको

“क्रेडिट म्हणजे उधारी. पुण्याच्या बाई आपल्याला कर्ज देताहेत,” बाईंच्या ऑफिसमधून आलेला इंग्रजी मेसेज वाचत सून म्हणाली.

चांगुणाबाई भाजी निवडायच्या थांबल्या. “मला नको कुणाचं कर्ज. कळव तसं.”

पावसाळ्यात आलेल्या त्या संशोधक बाईंना चांगुणाबाईंनी डोंगरावरचं एक रानफूल दाखवलं होतं. ते आजवर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नकार वाचून बाईंचा लगेच फोन आला. त्या हसत होत्या.

“अहो मावशी, इथे क्रेडिट म्हणजे श्रेय. फूल तुम्ही दाखवलंत, म्हणून पुस्तकात तुमचं नाव छापायचंय.”

चांगुणाबाई खुलल्या. पण ते फूल त्यांना पहिल्यांदा दाखवलं होतं शेजारच्या ठकूबाईनं. तिच्या बकरीनं यांचे वालाचे वेल खाल्ले, तेव्हापासून नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. नाव एकटीचं छापलं असतं, तरी तिला कधी कळलं नसतं.

“जरा थांबा,” असं बाईंना सांगून त्या फोन हातात घेऊन तशाच शेजारी गेल्या. ठकूबाई अंगण सारवत होती.

“ठके, तू दाखवलेलं फूल पुस्तकात येतंय. आपल्या दोघींची नावं छापायला सांगते. तुझं आधी.”

ठकूबाईनं शेणाचे हात तसेच कमरेवर ठेवले. “माझं कशाला? बाईंना डोंगरावर कोण घेऊन गेलं? तुझंच आधी.”

“पण फूल तुझं.”

“आणि पायपीट तुझी.”

नऊ वर्षांनी दोघी पुन्हा भांडायला लागल्या. पलीकडे बाई फोन न ठेवता मजेत ऐकत राहिल्या.