मंगळवारचं पाणी
संशोधक बाईंनी सगळ्या शाळांचे संगणक जाळ्याने जोडून हजेरी आणि पाणीपुरवठ्याची माहिती ताडून पाहिली होती. "सर, तुमच्याच शाळेत दर गुरुवारी निम्मी मुलं पोटदुखीने घरी राहतात. दूषित पाण्याचा त्रास दोनेक दिवसांनी दिसतो. मंगळवारी इथे काय होतं?" "काही नाही हो," मुख्याध्यापक हसले, "मंगळवारी गावाचा नळ बंद, तरी आमच्या शिपाईमावशी टाकी काठोकाठ भरतात. जादूगारच!" ती शिपाईमावशी मीच, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ओरडा बसू नये म्हणून मंगळवारी मी कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी आणून टाकीत ओतायचे. नितळ दिसायचं, वासही नव्हता. कुणाला सांगितलं नाही. आज मंगळवारच होता, मधल्या सुट्टीची घंटा वाजून गेली होती. ट्रे ठेवून मी धावले, टाकीच्या तोटीवर तळहात दाबून उभी राहिले. रांगेतून माझी नात ओरडली, "आजी, बाजूला हो ना! माझी एक बाटली केव्हाच संपली."