कमरेला खोचलेला मोबाईल

धर्माचं कमरेचं दुखणं जुनं. लेकीने त्याच्या मोबाईलवर कंबरदुखीचं अ‍ॅप टाकून दिलं. बाबा रोज किती चालले, ते तिला पनवेलला दिसायचं. धर्माला चालायचा भारी कंटाळा. त्याने मोबाईल बायकोच्या कमरेला खोचून दिला. नाहीतरी जनी पर्यटकांच्या खोल्या झाडत, पाणी नेत दिवसभर वाडीत फिरायचीच.

संध्याकाळी त्याने मोबाईल परत घेतला, तोच लेकीचा फोन आला, “शाब्बास बाबा!” खाटेवर पडल्या पडल्या धर्मा खूश झाला. फोन ठेवतो तोच अ‍ॅपमधली बाई बोलली, “आज तुमच्या कमरेला फार ताण पडलाय. कामं दुसऱ्यावर सोपवा आणि आराम करा.”

भांडी घासणारी जनी कंबर धरून उठली. “कोनाला सांगते ओ ती?”

“म... मला.”

“मंग पडून ऱ्हावा ना. कामाला मी हाय.”